कुणाला पाजायचंय?

महाडला बिऱ्हाड लावलं त्या संध्याकाळी सामानाची अर्धी खोकी बांधलेलीच होती आणि चहाची तल्लफ मात्र आली होती. घरमालकांचं खालीच किराणा दुकान होतं. मी जिना उतरून गेले आणि म्हटलं, "काका, दुधाचा एक डबा द्या."

ते गूळ तोलत होते. तोलणं थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुणाला पाजायचंय?"

"पाजायचं कुणाला नाही. चहाला हवंय."

"मग डबा म्हणू नका, पावडर म्हणा. घरात तान्हं पोर हाय?"

"नाही."

"येणार हाय कोण? बहीण, भावजय?"

मला हसू आलं. "नाही हो काका, आम्ही दोघंच आहोत."

मग त्यांनी मागच्या फळीवरून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं आणि साखरेचा भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "माझी पोर मी डब्यातल्या दुधानं मारली. म्हणून विचारतो. राग मानू नका." आणि माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे वळले, "तुला काय हवं रे?"

मी पाकीट घेऊन वर आले. नवऱ्याला सांगितलं तर त्याला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. तो एमआयडीसीत नव्यानेच लागला होता. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्याने सहज विषय काढला, तेव्हा बसमधले दोघेतिघे एकदमच म्हणाले, "पावडरशेठकडे राहता होय?"

बाजारपेठेत त्यांना याच नावाने ओळखत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं. उंच, वाकलेले, अंगात पांढरा सदरा, गालावर दोन दिवसांची दाढी. ती कधी वाढायची नाही आणि कधी पूर्ण निघायचीही नाही. बोलणं कमी. तांदूळ, तेल, साबण मागणाऱ्याला ते न बोलता वस्तू काढून द्यायचे. दुधाचं नाव निघालं की मात्र त्यांचं तोंड सुटायचं.

दुकानाची एक अख्खी भिंत दुधाची होती. महाडसारख्या गावात, जिथे सकाळी पिशवीचं दूध दारात येतं आणि शेजारच्या गावांतून रतीबही चालतो, तिथे इतक्या तऱ्हेचं दूध कोण घेत असेल असं मला वाटायचं. पण घेणारे असायचे. वरच्या वाड्यांवरची माणसं आठवड्याला एकदा बाजाराला उतरत, त्यांना न नासणारं दूध हवं असे. मिठाई करणारे येत. आखातातून सुट्टीवर आलेले लोक तिकडे प्यायची सवय लागलेलं दूध मागत. काका प्रत्येकाला भिंतीपाशी नेऊन दाखवायचे.

"हे आटीव गोड. दुधातलं पाणी उडवलंय नि साखर कोंबलीय. जवळजवळ निम्मी साखरच समजा. बर्फीला झकास, खिरीला झकास. हे बाजूचं पण आटीवच, पण बिनसाखरेचं. डबा तेवढाच, रंग तोच. ही सायीसकट पावडर, ही साय काढलेली. ही चहाची, हिच्यात साखर घातलेली असते. ही त्याहून स्वस्त, हिच्यात दूध थोडं नि तेल फार. हे खोक्यातलं. कडक तापवून हवाबंद केलंय, फोडेपर्यंत टिकतं. फोडलं की साधंच दूध, मग त्याला जपायला हवं." एवढं झालं की ते थांबायचे. "पाण्यात कालवलं की सगळी पांढरीच दिसतात. घोळ तिथंच हाय."

तान्ह्या बाळाच्या पावडरीचे डबे या भिंतीवर नव्हतेच. ते काचेच्या कपाटात, कुलपात. किल्ली सदऱ्याच्या खिशाला सेफ्टी पिनेने अडकवलेली. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो डबा ते काढत नसत, आणि काढला की गिऱ्हाइकाला पाणी किती, चमचा कसा सपाट करायचा हे सगळं परत म्हणून दाखवायला लावत. शिकलेला असो की अडाणी, सुटका नव्हती. एक वकीलसाहेब चिडून म्हणाले होते, "मी काय शाळेत आलोय का?" काकांनी डबा परत कपाटात ठेवला.

गोड दुधाच्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर ते नेलपॉलिशने लाल फुली काढायचे. नेलपॉलिश कासाराच्या दुकानातून आणायचे आणि कासारीण दर वेळी विचारायची, "शेठ, काकींना हा रंग आवडतो वाटतं?" ते म्हणायचे, "बाटलीत सुकत नाय असा दे." एकदा कंपनीचा विक्रेता पोस्टर घेऊन आला. त्यावर वाटी चाटणारं गुटगुटीत मूल. काका म्हणाले, "मिठाईच्या दुधावर पोराचं चित्र कशाला?" तो म्हणाला, "अहो, खीर खाणारं पोरगं आहे ते, मोठं आहे." पोस्टर लागलं, पण मुलाच्या तोंडावर काकांनी वाण्याचा खाकी कागद चिकटवला. वर्षभर खालच्या दुकानात वाटी धरलेले दोन हात आणि वर खाकी चौकोन असं चित्र होतं.

सगळ्यात जास्त हसं व्हायचं ते गणपतीत. मुंबईची माणसं गावी यायची, एसटी स्टँडावर पिशव्यांचे ढीग पडायचे. काका दुकान काकींवर सोपवून स्टँडावर जायचे आणि उतरणाऱ्या तरुण बापांना गाठायचे. "पिशवीत दूध हाय का? बघू." कुणी दाखवायचा, कुणी शिवी हासडायचा. पोलादपूरच्या गाडीत ते खिडकीतून डोकं आत घालून विचारायचे. कंडक्टर ओळखीचे झाले होते. ते घंटी मारायच्या आधी म्हणायचे, "झालं का शेठ? सोडू गाडी?"

मी त्यांची गोष्ट पूर्ण ऐकली ती पावसाळ्यातल्या एका दुपारी. गिऱ्हाईक नव्हतं, रस्त्यावरून नुसतं पाणी वाहत होतं. मला तेव्हा चौथा महिना होता आणि त्यांना ते कळलं होतं. मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सुरुवात केली.

त्यांचं गाव कापडे, पोलादपूरच्या पुढे. थोडी भातशेती, पोटाला न पुरणारी. लग्नाआधीपासून ते मुंबईत एका मिठाईवाल्याच्या कारखान्यात होते. तिथे हे डबे पेट्यांनी यायचे. रिकाम्या डब्याच्या कडेला राहिलेलं दूध कामगार बोटाने चाटायचे.

"आयुष्यात इतकं चांगलं काय खाल्लं नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हाच ठरवलं, आपल्याला पोर झालं की त्याला हे द्यायचं."

मुलगी झाली. बाळंतपणात काकींना ताप धरला, अंगावर दूध येईना. काका सुट्टी काढून गावी आले ते पिशवीभर डबे घेऊन. मालकाने कमी भावात दिले होते. वाडीतली माणसं ते डबे बघायला आली. शेजारच्या आजीने शेळी व्यालीय, दूध नेत जा म्हणून सांगितलं, तर काका म्हणाले, शेळीचं कशाला, हे साहेबांची पोरं पितात.

"मी पाजलं," ते म्हणाले. "वाटीत गरम पाणी, त्यात हे कालवायचं नि चमच्यानं पाजायचं. पोर मिटक्या मारायची. आधी गाल धरले तिनं. मग पोट सुटलं. हातपाय काटक्या नि पोट हे एवढं. हगवण लागली. नजर काढली, अंगारा लावला. दूध जड पडत असेल म्हणून आणखी पातळ केलं. शेवटी इथं महाडला आणली. डॉक्टरनं विचारलं, काय पाजता? मी डबा दाखवला. त्यांनी तो डबा फिरवला नि बारीक अक्षरात होतं ते मला वाचून दाखवलं, लहान मुलांना पाजू नये. ओरडले नायत. नुसतं वाचलं."

बाहेर पाऊस तसाच होता.

"मुंबईपासून एसटीत पिशवी मांडीवर होती माझ्या. वाचायला वेळ होता गो बाय."

मुलगी त्याच दवाखान्यात गेली. ते परत मुंबईला गेले नाहीत. महाडातच हमाली केली, मग एका दुकानात कामाला राहिले, मग हे दुकान. पुढे मूल झालं नाही. या सगळ्या काळात काकी आत तांदूळ निवडत असायच्या, दुकानात कमी यायच्या, आणि या विषयावर मी त्यांच्या तोंडून कधी शब्द ऐकला नव्हता.

माझा मुलगा झाला तेव्हा माझंही तसंच झालं. दूध उतरायला उशीर झाला. माझी आई सांगलीहून आली होती. बाळ रडायचं, मी रडायचे. आई खाली जायला तयार नव्हती. "तो माणूस अभद्र बोलतो, ओल्या बाळंतिणीच्या घरात ते नको," असं म्हणून ती पेठेतल्या दुसऱ्या दुकानातून चहाच्या पावडरीचं पाकीट घेऊन आली. दूध ते दूध, असं तिला वाटलं.

त्या दुकानदारानेच गंमत म्हणून काकांना सांगितलं असावं. काका जिना चढून आले. एरवी ते भाडेकरूच्या दारात येत नसत. धाप लागली होती. त्यांनी आईला विचारलं, "पाजलंत?"

"अजून नाही. पाणी उकळतंय."

ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हात चेहऱ्यावर धरले. आई घाबरली. मग ते उठले, खाली जाऊन रिक्षा आणली आणि आम्हाला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी बाळाला अंगावर घेत राहायला सांगितलं आणि तोवर थोडे दिवस वरून कोणती पावडर द्यायची तेही सांगितलं. आम्ही परत आलो तर काचेच्या कपाटातला डबा काढून ठेवलेला होता, बाजूला उकळून घेतलेली वाटी-चमचा. काकी वर आल्या. काका दारात उभं राहून एकेक गोष्ट सांगत होते. पाणी आधी, पावडर मागून, चमचा सुरीने सपाट. काकींनी बाळाला मांडीवर घेऊन पहिला चमचा दिला तेव्हा मात्र त्यांनी पाठ फिरवली. कठड्याला धरून ते खालच्या रस्त्याकडे बघत राहिले.

"प्यायला," काकी म्हणाल्या.

"ओठ बघ. ओठ ओले होतायत का नुसते?"

"गिळतोय. इकडं या नि बघा."

ते आले नाहीत. माझा मुलगा त्यांच्याच दुकानात रांगला, त्यांच्याच गुळाच्या ढेपेला चिकटला, पण त्यांनी त्याला कधी उचललं नाही. चालायला लागला तेव्हा एकदा त्यांचं बोट धरायला गेला. त्यांनी बोट मागे घेतलं आणि हातात खडीसाखर दिली.

मग ते पुराचं वर्ष आलं. सावित्रीचं पाणी पेठेत शिरायची सवय महाडकरांना आहे, माल वर चढवायचा हे अंगवळणी पडलेलं. त्या वेळी पाणी वर चढवलेल्या मालाच्याही वर आलं. दुकान छतापर्यंत बुडालं. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर, काका-काकीही. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो तर गुडघाभर चिखल. तांदूळ-साखर गेलीच होती. पण दुधाचे डबे चिखलातून सापडत होते. सीलबंद, नुसते माखलेले.

लगतची दुकानं डबे धुऊन उन्हात मांडत होती. काकांनी आमच्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, हातोडी घेतली आणि ओट्यावर बसून एकेक डबा फोडायला लागले. माझा नवरा म्हणाला, "काका, आतलं चांगलं असेल. निदान चहाला तरी." ते म्हणाले, "कागद गेलेत रे. कुठला कुठला हाय ते आता कोण सांगणार?" खरंच होतं. कागद निघून गेले होते, झाकणावरच्या लाल फुल्या चिखलाच्या खरवडीत गेल्या होत्या. सगळे डबे सारखे. गल्लीतल्या चिखलावर दूध पसरत गेलं. लोक थांबून बघत होते. थोड्या वेळाने काकी बाहेर आल्या आणि चिखलातले डबे पुसून एकेक त्यांच्या हातात द्यायला लागल्या.

दोन दिवसांनी मदतीच्या गाड्या आल्या. मुंबईहून, पुण्याहून, कुठून कुठून. धान्य, चादरी, आणि दुधाचे डबे, पाकिटं, जे ज्याला मिळालं ते. वाटणाऱ्यांनी चांगल्या मनाने घरोघर दिलं. काकांना कळलं की नाते गावाच्या बाजूला एका गाडीने गोड दूध वाटलंय. रस्ता खचलेला, एसटी बंद. ते चालत निघाले. काकींनी माझ्या नवऱ्याला मागून पाठवलं. त्याने मोटरसायकलवर त्यांना गाठलं तेव्हा ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून रस्त्याच्या कडेने चालत होते. एकेका घरी जाऊन विचारत होते, तान्हं पोर हाय का?

नाते गावात एका घरी होतं. सूनबाई ओसरीवर बसून बाळाला वाटीने पाजत होती आणि बाजूला नवा डबा होता. काकांनी दारातूनच सांगितलं, "पोरी, ते पाजू नको. माझी पोर मी यानंच मारली."

सासू आतून धावत आली. आधीच पुराने घर धुतलेलं, गोठ्यातली म्हैस वाहून गेलेली, आणि दारात उभा राहून परका माणूस तान्ह्या नातवासमोर हे बोलतो. तिने हाताला लागली ती केरसुणी उगारली. "तुझं तोंड जळो! माझ्या पोराच्या नावानं मरण काढतो? चालता हो!" बाळाचा बाप आला, त्याने काकांना खांद्याला धरून अंगणाबाहेर ढकललं. ते चिखलात बसले. माझा नवरा पुढे झाला, त्या माणसाला समजवायला लागला, तर तो त्याच्यावरही धावला.

काका उठले, पण गेले नाहीत. समोर बांधावर जाऊन बसले. नवऱ्याला म्हणाले, "इथली आशाताई कोण हाय, तिला आण. माझं नाय ऐकणार. बरोबर हाय त्यांचं."

आशाताई कुठल्यातरी वाडीवर गोळ्या वाटत होती. तिला शोधून मोटरसायकलवर बसवून आणेपर्यंत ऊन कललं. काका तिथेच होते. मधल्या वेळात बाळ रडलं की ते उभे राहायचे, आणि बाप दारात आला की परत बसायचे. आशाताईने आत जाऊन डबा बघितला, सुनेशी बोलली, डबा उचलून बाहेर आणला. परत निघताना सासूने काकांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला. ते घटाघटा प्यायले.

दुकान मात्र त्यांनी परत उघडलं नाही. भिजलेल्या फळ्या तशाच राहिल्या. काही महिन्यांनी दोघं कापड्याला गेली. आमचीही बदली पनवेलला झाली. सणावाराला फोन व्हायचा. काका विचारायचे, पोरगा काय खातो? तो मिसरूड फुटायच्या वयाला येत चालला होता, तरी हाच प्रश्न.

गेल्या पावसाळ्याअखेर त्यांच्या पुतण्याचा फोन आला की काका गेले. आम्ही बाराव्याला पोचलो. भात पिवळा पडायला लागला होता, कापणी तोंडावर आली होती. माणसं जेवून पांगली होती. काकी पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ बसले आणि जे सगळे म्हणतात तेच म्हटलं, की किती पोरांना वाचवलं काकांनी, आयुष्यभर ते एक दुःख घेऊन जगले.

"व्हय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण पाजलं मी."

मला आधी कळलंच नाही.

"हे होते कुठं गो? डबे ठेवले, कसं कालवायचं ते सांगितलं, बारसं झालं नि मुंबईला गेले. सुट्टी तेवढीच होती. चमचा माझ्या हातात असायचा. पातळ केलं ते मी. महाडला नेली ती मी नि माझ्या भावानं. हे आले तेव्हा ती गेली होती. डॉक्टरनं डबा वाचला तो माझ्यासमोर. मीच यांना सांगितलं काय वाचलं ते."

"मग काका तर..."

"मी म्हटलं यांना, त्याच दिवशी म्हटलं, की मी मारली. तर तोंडावर हात दाबला माझ्या. म्हणाले, पुन्हा हे बोलायचं नाय. पाजलं ते मी. सासूला तसंच सांगितलं, वाडीला तसंच सांगितलं. मग जो येईल त्याला सांगत सुटले. कुणी मला बोल लावला नाय गो. सासू मरेपर्यंत माझ्या पाठीवरनं हात फिरवायची."

त्यांनी पदराने नाक पुसलं. अंगणात पुतण्याची बायको भांडी घासत होती, तिच्याकडे बघत त्या हळू आवाजात बोलत राहिल्या.

"चांगलं केलं त्यांनी. दुसरा असता तर मला घरातनं काढली असती. पण लोक यायचे ते त्यांच्यापाशी बसायचे. शेठची पोर, शेठची पोर. माझी पोर गेली असं कोण म्हणालंच नाय. नि मी म्हणायला गेले असते तर त्यांनी एवढं जे अंगावर घेतलं ते वाया गेलं असतं. म्हणून गप राहिले."

इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून, त्यांच्या मांडीवर माझा मुलगा देऊन, मला एक साधी गोष्ट माहीत नव्हती. मी विचारलं, "काकी, तिचं नाव काय होतं?"

त्या माझ्याकडे वळल्या.

"सुगंधा," त्या म्हणाल्या. मग परत एकदा म्हणाल्या, जरा मोठ्याने, हाक मारतात तसं. अंगणातल्या पोरीने भांडी घासायची थांबवून वर बघितलं.